मे महिन्याच्या दुपारी प्रोसेसर तापतो: सीपीयू फॅन कोणता घ्यावा?

प्रश्न असा आहे: "अमळनेरला घराच्या वरच्या मजल्यावर पत्र्याच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. प्रोसेसर आय-५ १२४००, बोर्ड एच६१०, फॅन प्रोसेसरच्या खोक्यातून आलेलाच. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात ठेवलंय. आखाजीपासून दुपारी एक्सपोर्ट लावला की तापमान ९८-१०० ला टेकतं, फॅन किंचाळतो आणि सकाळी ४० मिनिटांत होणारं काम ५० मिनिटं घेतं. दोन-अडीच हजारांत कोणता फॅन घेऊ?"

ताई, आधी सरळ उत्तर देतो. १२० मिमी फॅनचा, चार हीट पाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा) सिंगल टॉवर, म्हणजे पातळ पत्र्यांचा एकच उभा मनोरा आणि बाजूला फॅन असलेला, सीपीयू कूलर घ्या. त्यासोबत एलजीए १७०० सॉकेटचा, म्हणजे बोर्डवर तुमचा प्रोसेसर बसतो त्या जागेवर जुळणारा, माउंट आहे याची खात्री करा. तुमच्या बजेटात तो बसतो. पण तो आणून त्याच बंद कप्प्यातल्या कॅबिनेटमध्ये बसवलात तर अर्धे पैसे वाया जातील, म्हणून पुढचं सगळं वाचूनच दुकानात जा. आणखी एक, आपल्याकडे नुसतं कूलर म्हटलं की पाण्याचा कूलर समजतात. म्हणून खाली प्रोसेसरवरच्याला सीपीयू कूलर आणि खिडकीतल्याला पाण्याचा कूलर असंच लिहितो.

खानदेशात सीपीयू कूलर निवडताना हिशोब खोलीच्या तापमानापासून सुरू करावा लागतो. फॅन आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) कितीही भारी असले तरी ते प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते ठरवतात ते एवढंच, की प्रोसेसर त्या हवेपेक्षा किती अंश वर राहील. या फरकाला आपण 'चढ' म्हणू. परीक्षणाच्या व्हिडिओंमध्ये एसीच्या खोलीत, २२-२४ अंशांवर चाचण्या होतात. तिथे "लोडवर ६८ अंश" दिसलं की माणूस खूश होतो. पण खोली २३ अंशांची असेल तर चढ ४५ झाला. तोच चढ जळगाव-भुसावळच्या ४२ अंशांच्या खोलीत ठेवला की आकडा ८७ होतो, आणि कॅबिनेटच्या आत हवा कोंडली असेल तर आणखी पाच-दहा अंश. म्हणून परीक्षणातला शेवटचा आकडा न बघता त्यातून खोलीचं तापमान वजा करा आणि उरलेला चढ आपल्या मे महिन्यातल्या दुपारी तीनच्या तापमानात मिळवा. बेरीज ८५ च्या आत राहिली तर तो सीपीयू कूलर आपल्या कामाचा.

तुमचा आकडाच घ्या. पत्र्याखाली कॅबिनेटपाशी ४१ अंश धरले आणि प्रोसेसर ९८ वर असेल, तर चढ ५७. एक्सपोर्टच्या वेळी १२४०० साधारण ६५ ते ८० वॅट ओढतो. इतक्या वॅटला चांगल्या हवेशीर कॅबिनेटमधला चार पाइपांचा टॉवर ३० ते ३५ अंशांचा चढ देतो. म्हणजे ४१ अधिक ३५, वर कॅबिनेटचे पाच, एकूण ८१. इंटेलने या प्रोसेसरला १०० अंशांची मर्यादा दिली आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो. तुमची जास्तीची १० मिनिटं तिथेच जातात. यात प्रोसेसर लगेच जळत नाही, घाबरू नका. पण लग्नसराईत रोजचं काम लांबतं ते लांबतंच.

खरेदीआधी अर्धा तास खर्च करून दोष नेमका कुठे आहे ते बघा. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम टाका. त्यात सीपीयू पॅकेजचं तापमान, पॅकेज पॉवर (प्रोसेसर किती वॅट ओढतो), फॅनचे आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि थर्मल थ्रॉटलिंग (तापून वेग कमी होणं) या चार ओळी बघायच्या. खोलीचं तापमान मोबाइलवरच्या हवामानावरून धरू नका, तो आकडा गावाचा असतो. भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपाशी ठेवा. मग तोच एक्सपोर्ट दहा-दहा मिनिटं दोनदा लावा, एकदा कॅबिनेट आहे तसं आणि एकदा टेबलाच्या कप्प्यातून बाहेर काढून, बाजूचा पत्रा उघडून. दुसऱ्या वेळी तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर दुखणं हवेच्या कोंडीचं आहे. दोन-तीनच अंश उतरलं तर सीपीयू कूलर, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट किंवा त्याची बसवणी. फरक मोजताना एक लक्षात घ्या. पहिल्या वेळी प्रोसेसर १०० ला टेकून स्वतःच मंदावला असेल तर खरा फरक आकड्यात दिसत नाही. अशा वेळी पॅकेज पॉवर किती वाढली ते बघा.

उघडलंच आहे तर खोक्यातल्या फॅनच्या चार पुश-पिन तपासा. हा दोष फार सर्रास सापडतो. बोर्डच्या मागच्या बाजूने बॅटरी मारून बघा. प्रत्येक भोकातून प्लास्टिकच्या दोन फाकळ्या बाहेर आलेल्या दिसतात आणि त्यांच्या बरोबर मधे पिनचं टोक शिरलेलं दिसायला हवं. एखाद्या कोपऱ्यात फाकळ्या मिटलेल्या असतील तर ती पिन बसलेलीच नाही. हीटसिंक त्या बाजूने केसभर उचललेला राहतो आणि कडक दुपारी सगळा दोष फॅनच्या माथी येतो. पिनच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. त्या दिशेने फिरवली की पिन सुटते. पुन्हा बसवताना ती उलट फिरवून मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या तिरप्या दोन-दोन पिन एकदम दाबा. 'टक्' असा आवाज चार वेळा यायला हवा.

आता निवड. पहिली चाळणी सॉकेटची, कारण बदलीचा त्रास इथेच जास्त होतो. इंटेलच्या एलजीए १२०० पर्यंतच्या गेल्या अनेक बोर्डांवर माउंटची भोकं ७५ मिमी अंतरावर होती. बाराव्या पिढीपासून, म्हणजे एलजीए १७०० वर, ती ७८ मिमी झाली. तीन मिमीचाच फरक, पण जुना ब्रॅकेट बसत नाही. एखाद्याने रेटून बसवला तर दाब एका बाजूला जातो. दुकानात पडून असलेला जुना माल "सगळ्याला चालतो" म्हणून दिला जातो. खोक्यावर १७०० हा आकडा छापलेला आहे का ते स्वतः वाचा. एएमडीचं गणित वेगळं आहे. त्यांच्या जुन्या एएम४ सॉकेटचे बरेच सीपीयू कूलर नव्या एएम५ वर चालतात. मात्र एएम५ ची मागची प्लेट सॉकेटला जोडलेली असते, ती काढता येत नाही. त्यामुळे स्वतःची वेगळी बॅकप्लेट लागणारे कूलर तिथे बसत नाहीत.

दुसरी चाळणी उंचीची. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा. मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून पत्रा जिथे येतो तिथपर्यंत पट्टीने मोजा आणि त्यातून ८ मिमी वजा करा, कारण कूलरची छापील उंची प्रोसेसरच्या माथ्यापासून धरलेली असते. वर आणखी ५ मिमी मोकळे सोडा. उदाहरण म्हणून, डीपकूलचा एजी४०० हा १५० मिमी उंच आहे, एके४०० हा १५५, आणि थर्मलराइटचा दोन टॉवरवाला पीअरलेस असॅसिन १२० एसई हाही १५५. नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिमीचा आहे. साध्या अरुंद ऑफिस कॅबिनेटमध्ये यातला एकही मावत नाही. तिथे ९२ मिमी फॅनचा छोटा टॉवर किंवा वरून खाली फुंकणारा बुटका कूलर एवढेच पर्याय उरतात. रॅमवर चकाकणारी उंच टोपी असेल तर पहिल्या स्लॉटवर टॉवरचा फॅन अडतो. फॅन वर सरकवून क्लिप लावता येते, पण तेवढी उंची वाढते. ती पुन्हा मोजा.

तिसरी गोष्ट वॅटची, आणि इथे खोक्यावरच्या टीडीपीने, म्हणजे वॅटच्या छापील आकड्याने, फसायला होतं. १२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी टर्बोची, म्हणजे वाढवलेल्या वेगाची, मर्यादा ११७ वॅट आहे. आय-७ १२७०० वरही ६५ च छापलेलं आहे, पण त्याची टर्बो मर्यादा १८० वॅट. एएमडीच्या एएम५ मध्ये ६५ वॅटचा प्रोसेसर ८८ पर्यंत जातो, १०५ चा १४२ पर्यंत आणि १७० चा २३० पर्यंत. सीपीयू कूलरवर "२२० वॅटपर्यंत" असं छापलेलं असतं, तेही थंड खोलीत मोजलेलं. आपल्या उन्हाळ्यासाठी तो आकडा निम्मा धरून चाला. या हिशोबाने १२४००, १३४००, रायझन ५६०० किंवा ७६०० साठी चार पाइपांचा एक टॉवर पुरतो. आय-७ किंवा १०५ वॅटच्या रायझनवर रोज तासन् तास रेंडरिंग असेल तर सहा पाइपांचा, दोन टॉवरचा घ्या. त्याच्या वर गेलात तर सीपीयू कूलरपेक्षा खोलीवर खर्च केलेला बरा. आत द्रव फिरवणारे लिक्विड सीपीयू कूलर तुमच्या प्रोसेसरला लागत नाहीत. त्यांच्या आतल्या द्रवाला बहुधा ६० अंशांच्या आसपास मर्यादा असते आणि ४४ अंशांच्या खोलीत ती लवकर जवळ येते. शिवाय पंप बंद पडला तर ऐन सीझनमध्ये मशीन उभं राहतं. हवेच्या टॉवरचा फॅन बंद पडला तर दुसरा १२० मिमी फॅन कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो, त्याच तारेच्या क्लिपांवर बसतो.

प्रत्यक्ष फॅनकडे येऊ. चार पिनांचा पीडब्ल्यूएम फॅनच घ्या. पहिली पिन ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी आरपीएम सांगणारी आणि चौथी वेग ठरवणारी. मॉलेक्सवर, म्हणजे बोर्डाऐवजी थेट वीजपुरवठ्याच्या तारेवर, चालणारे रंगीत दिव्यांचे स्वस्त फॅन सतत पूर्ण वेगाने फिरतात आणि बोर्डला आरपीएम कळवत नाहीत, म्हणून चालू करताना सीपीयू फॅनची चूक दाखवली जाते. ते सीपीयूवर लावू नका. सीएफएम म्हणजे मोकळ्यावर किती हवा ढकलतो ते. पण हीटसिंकच्या फटींतून हवा रेटायला दाब लागतो, तो स्टॅटिक प्रेशर या नावाने छापतात. रुंद पात्यांचा, कमी फटी असलेला फॅन टॉवरवर चांगला. कॅबिनेटच्या मागच्या उघड्या जाळीवर साधा हवा फेकणारा चालतो.

बेअरिंगवर मात्र पैसे वाचवू नका. स्वस्त स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल आपल्या उष्णतेत पातळ होतं, हळूहळू उडतं आणि कापसाची बारीक धूळ त्यात मिसळून चिकट होते. सुरुवातीला सकाळी चालू करताना दोन मिनिटं घरघर येते, मग ती दिवसभर राहते, मग एके दिवशी फॅन ढकलल्याशिवाय फिरत नाही. हायड्रोडायनॅमिक किंवा ड्युअल बॉल बेअरिंग घ्या. ड्युअल बॉलला थोडा आवाज जास्त, पण ते उष्णता जास्त सोसतं. फॅनच्या माहितीपत्रात चालण्याची तापमानमर्यादाही बघा. काही फॅनना ४०-५० अंशांचीच मर्यादा दिलेली असते, काहींना ७०. आपल्याला दुसऱ्या प्रकारचा हवा.

आवाजाचं थोडक्यात. वेग १५०० वरून २००० आरपीएमला नेला तर हवा तिसऱ्या हिश्श्याने वाढते, आवाज मात्र सुमारे ६ डेसिबलने. म्हणून मोठा फॅन संथ फिरवणं नेहमी बरं. तुमचा छोटा फॅन किंचाळतो तो याच कारणाने.

आता धूळ. पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात हा भाग दोन ओळींत संपतो, आपल्याकडे तो निवडीचाच भाग आहे. अमळनेर, धरणगाव, बोदवड, शिरपूर, दोंडाईचा, कुठेही जा, दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की हवेत कापसाचे तंतू असतात. नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्यांची धूळ, जळगावात डाळमिलचा भुसा. साधी माती फिनमधून, म्हणजे हीटसिंकच्या पातळ पत्र्यांमधून, बरीचशी आरपार निघून जाते. तंतू जात नाहीत. टॉवरचा फॅन क्लिपा काढून बाजूला केलात तर फिनच्या तोंडावर राखाडी रंगाचा नमदा बसलेला दिसतो, पुढचं सगळं तोंड झाकणारा, दीड-दोन मिमी जाड. चिमट्याने एका कोपऱ्यात धरून ओढला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड निघतो, आणि त्यावर फिनच्या रेघांचे ठसे उमटलेले असतात. बाहेरून फॅन नीट फिरताना दिसतो, आरपीएमही बरोबर, पण हवा आत शिरतच नाही. नुसती पाती पुसणाऱ्याला हा नमदा कधीच सापडत नाही. खोक्यातल्या गोल फॅनमध्येही हे होतं, पण तिथे फॅन सहज सुटा होत नाही, म्हणून सफाई अर्धीच होते. मी टॉवर सुचवण्याचं हे दुसरं कारण.

यावरून निवडीची एक कसोटी निघते. फिनमधल्या फटी फार बारीक नकोत. दोन मिमीच्या आसपासचं अंतर आपल्याला ठीक. त्याहून दाट फिनचा हीटसिंक चाचणीत दोन अंश सरस ठरतो आणि जिनिंगच्या गावात तीन महिन्यांत ते दोन अंश गमावून बसतो. दुकानात मोबाइलची बॅटरी एका बाजूने मारा. पलीकडून भरपूर उजेड दिसला पाहिजे. फॅन तारेच्या क्लिपांनी हाताने निघणारा असावा. स्क्रूने घट्ट केलेला किंवा वरून झाकण असलेला नको.

सफाई करताना पातं बोटाने धरून ठेवा, मग ब्लोअर मारा. हवेने फॅन भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं, आणि जोडलेला असेल तर उलटा व्होल्टेज बोर्डात जातो. एक इंची रंगाचा ब्रश आणि ब्लोअर पुरे. ओला कपडा नको. जिनिंगच्या हंगामात महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांनी. कॅबिनेटच्या पुढे नायलॉनची बारीक जाळी लावा, ती धुता येते. एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) खालची जाळीही विसरू नका.

कॅबिनेटच्या हवेचा हिशोब अवघड नाही. एकूण वॅटला १.७६ ने गुणा आणि हवेचं तापमान आत किती अंशांनी वाढलेलं चालेल त्याने भागा. उत्तर सीएफएममध्ये येतं. प्रोसेसर ७५, छोटं ग्राफिक्स कार्ड ७५, बाकी ३०, असे १८० वॅट धरले आणि ८ अंशांची वाढ चालवून घेतली तर ४० सीएफएम लागतात. पाच अंशांत ठेवायचं तर ६३. खोक्यावर ५५ सीएफएम लिहिलेला फॅन जाळी आणि ग्रिलमागे निम्मीच हवा देतो असं समजा. म्हणून पुढून दोन फॅन आत आणि मागून एक बाहेर. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही, सगळी हवा जाळीतून येते. एच६१० च्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयूशिवाय एकच फॅन जोडायची जागा असते. तिथे वाय जोडणीची केबल लावा. साधारण हेडर (बोर्डवरची फॅन जोडायची जागा) एक अँपिअर सोसतो आणि असा फॅन ०.१५ ते ०.२५ अँपिअर ओढतो, तेव्हा तीन फॅन निर्धास्त चालतात. फॅनवर लिहिलेला अँपिअरचा आकडा मात्र वाचून घ्या.

आणि टेबलाचा तो कप्पा. मागून बंद असेल तर मशीनने बाहेर टाकलेली गरम हवाच ते पुन्हा आत ओढतं. कॅबिनेट कप्प्यातून काढा, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच पाटावर ठेवा, मागे निदान अर्धा फूट मोकळं. पत्र्याखाली गरम हवा वर साठते, म्हणून टेबलावर ठेवण्यापेक्षा खाली बरं, पण अगदी फरशीवर धूळ जास्त. हवा कुठून कुठे जाते ते बघायला पेटती उदबत्ती पुढच्या जाळीपाशी धरा. धूर आत ओढला गेला आणि मागून निघाला की दिशा बरोबर. फॅनच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असतो त्या बाजूने हवा बाहेर पडते. टॉवरचा फॅन रॅमकडून मागच्या फॅनकडे फुंकेल असाच लावा. उलटा लागला तर तो मागच्या फॅनशी भांडत बसतो.

पाण्याचा कूलर खोलीत असेल तर तो सर्वांत मोठा फायदा. आपला मे कोरडा असतो, त्यामुळे तो छान काम करतो, आणि खोली आठ अंशांनी उतरली तर प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच उतरतो. फक्त त्याचा झोत कॅबिनेटवर थेट नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, उडालेले थेंब सुकले की बोर्डवर पांढरे डाग राहतात, आणि गवताच्या पॅडचे तुकडेही येतात. झोत माणसावर, मशीन बाजूला, समोरची खिडकी थोडी उघडी. दमटपणाने मशीनमध्ये पाणी धरेल ही भीती नको. चालू मशीनचे भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव पडत नाही.

बसवताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पूर्ण काढा. १२४०० चा माथा लांबट आहे, तेव्हा मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढा थेंब आणि चार कोपऱ्यांकडे मोहरीएवढे चार ठिपके द्या. बोटाने पसरवू नका. दाबाने ती पसरते. तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढलं का ते दोनदा बघा. ते राहून गेलं की मिनिटभरात १०० अंश होतात. स्क्रू तिरप्या क्रमाने, प्रत्येकाला दोन-दोन फेरे देत घट्ट करा. बॅकप्लेटचा माउंट असेल तो घ्या. उभ्या कॅबिनेटमध्ये अर्धा-पाऊण किलोचा टॉवर नुसत्या पुश-पिनांवर लटकवणं मला मान्य नाही. तुमच्याकडे कुणाचा एएम४ रायझन असेल तर जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलका पिळूनच उचला. सरळ ओढला तर प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून निघून येतो.

मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, फॅनचा वेग लावा. कारखान्यातून आलेली मांडणी थंड खोलीची असते. आपल्याकडे नुसतं ब्राउझर उघडलं तरी ५० अंश दिसतात आणि फॅन सारखा वर-खाली होतो. ५५ अंशांपर्यंत ४० टक्के, ७० ला ६०, ८० ला ८५ आणि ८८ ला पूर्ण वेग. बदलाला तीन ते पाच सेकंदांचा उशीर ठेवा. कॅबिनेटचे फॅन ६० टक्क्यांवर स्थिर सोडले तरी चालतात.

नवा सीपीयू कूलर येईपर्यंत एक फुकटचा उपाय आजच करता येतो. तुमच्या बायोसमध्ये पॉवर लिमिटची सोय असेल तर दोन्ही मर्यादा, लहान आणि लांब वेळेची, ६५ वॅटवर आणा. १२४०० चा वेग फारच थोडा कमी होतो, तापमान मात्र लगेच उतरतं. रायझनवाल्यांना हेच काम इको मोडने होतं.

सगळं बसलं की पुन्हा तोच एक्सपोर्ट दहा मिनिटं लावा. प्रोसेसरच्या आकड्यातून थर्मामीटरचा आकडा वजा करा आणि तो चढ, तारीख घालून, कागदाच्या पट्टीवर लिहून कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवा. समजा आज ३६ आला. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्यावर आणि मग होळीच्या सुमारास पुन्हा मोजा. खोली तेव्हा थंड असली तरी चढ तुलनेला तसाच चालतो. तो ४२-४४ झाला असेल तर फॅनच्या क्लिपा काढा, मागे नमदा बसलेला असेल. सफाई करूनही उतरला नाही तर पेस्ट बदला.